नमुन्याचं घर

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं जुनी माणसं सांगून गेली. नमुना म्हणून सरकारी घरात राहून पाहावं, हे त्यांना सुचलं नाही, कारण त्यांच्या वेळी सरकार घरं बांधत नव्हतं. ते दुर्गाबाईच्या नशिबी आलं. पिंपरी आणि चिंचवडच्या मधल्या माळावर सरकारच्या घरबांधणी मंडळानं कारखान्यांतल्या कामगारांसाठी वसाहत काढली होती, आणि तिथल्या पहिल्या घरात दुर्गाबाई राहायला गेली. तेव्हा तिथे दुसरं घरच नव्हतं.

माळ मुळात गावकऱ्यांचा. त्यातला एक तुकडा दुर्गाबाईच्या नवऱ्याचा, रंगरावचा. मंडळानं जमीन घेतली तेव्हा त्याचं राहतं घर नेमकं आखलेल्या रस्त्यात आलं आणि पाडलं गेलं. मोबदला मिळणार होता, पण दिल्लीहून अनुदान आल्यावर. तोवर रंगरावला कामावर रखवालदार नेमलं आणि राहायला पत्र्याची खोपी दिली. आपल्याच रानात दुसऱ्याच्या विटा राखायच्या, याला काय म्हणावं ते रंगरावला सुचत नसे, म्हणून तो काहीच म्हणत नसे. दुर्गाबाईला पुष्कळ सुचत असे, आणि ती ते म्हणतही असे.

अनुदानाची गंमत अशी, की ते हप्त्याहप्त्यानं यायचं. पहिल्या हप्त्यात रांगेनं जोती उठली आणि कोपऱ्यावरचं एक घर छपरापर्यंत गेलं. तेवढ्यात पैसा संपला. दुसरा हप्ता मिळणार तो दिल्लीच्या साहेबांनी जागेवर येऊन पाहिल्यावर, आणि साहेबांना नुसत्या भिंती पाहायच्या नव्हत्या, घरात कुटुंब नांदताना पाहायचं होतं. कारखान्यातले काही कामगार बायकांना घेऊन घर बघायला आले. नळ नाही, मोरीचं पाणी जायला गटार नाही, हे दिसल्यावर बायकाच आधी परत फिरल्या. गटार तर दुसऱ्या हप्त्यातून व्हायचं होतं. म्हणजे गटाराशिवाय माणसं येईनात, माणसांशिवाय हप्ता येईना, आणि हप्त्याशिवाय गटार होईना. कामावरचे ओव्हरसियर बबनराव या चक्रात घाण्याच्या बैलासारखे फिरत होते. फिरता फिरता त्यांची नजर रखवालदाराच्या खोपीवर गेली.

बबनराव वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर त्यांना शिव्या घालणं सोपं गेलं असतं. त्यांची नोकरी या कामापुरतीच होती. काम थांबलं की तेही घरी. ते खोपीसमोर उकिडवे बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "वहिनी, साहेब येऊन जाईपर्यंत त्या घरात राहा. सगळी मंजुरी आली की ते घर तुमच्या नावावर करून द्यायची जबाबदारी माझी."

दुर्गाबाईनं लगेच हो म्हटलं नाही, पण मनातून ती केव्हाच कबूल झाली होती. तिची एकुलती लेक इंद्रायणी तळवड्याला दिलेली होती आणि पोटुशी होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही रीत काही सरकारनं ताब्यात घेतलेली नव्हती. पण माहेर होतं कुठे? खोपीत दिवसा भाजायचं आणि पहाटे गारठायचं, दाराच्या जागी गोणपाट. तिथं ओल्या बाळंतिणीला निजवायचं म्हणजे दोन जीव वाऱ्यावर टाकायचे. दुर्गाबाईला सरकारकडून मोबदला नको होता, मानही नको होता. लेकीसाठी चार भिंती आणि बंद होणारं एक दार, एवढंच तिला हवं होतं.

ती राहायला गेली आणि मग बबनरावांनी नियम सांगितले. चूल पेटवायची नाही, नवा चुना काळा पडेल. स्वयंपाक खोपीत करून इकडे आणायचा. भिंतीला खिळा मारायचा नाही. मोरीत पाणी सांडायचं नाही, कारण ते जाणार कुठे? आणि मुख्य म्हणजे दार सकाळपासून दिवेलागणीपर्यंत सताड उघडं ठेवायचं आणि धडकं लुगडं नेसून कुणीतरी आत बसायचं. साहेब कधी येतील याचा नेम नाही.

"म्हंजी आमी हितं ऱ्हायाचं, पर ऱ्हायाचं न्हाई," दुर्गाबाई म्हणाली.

बबनरावांनी मान हलवली. त्यांना ते पटलेलं दिसलं.

पुढचे दिवस दुर्गाबाईनं त्या उघड्या दारात कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. आयुष्यभर रानात राबलेली बाई, तिला स्वच्छ लुगडं नेसून स्वस्थ बसण्याची सवय नव्हती. बाजारला जायची सोय नाही, नदीवर धुणं न्यायची सोय नाही, कुणाच्या खुरपणीला जाऊन चार बायकांत बोलायची सोय नाही. येणारेजाणारे गवंडी आणि गाढववाले आत डोकावून जात. गावातल्या बायका मुद्दाम वाट वाकडी करून येत आणि "काय दुर्गाबाई, बंगलेवाल्या झालात" म्हणत. पिंजऱ्यातल्या वाघाला निदान गुरगुरता येतं. इथे गुरगुरलं तर घर जाणार होतं. तळवड्याला लेकीचं डोहाळजेवण ठरलं, त्याच्या आदल्या दिवशी तार आली की उद्या साहेब निघणार. दुर्गाबाई गेली नाही. साहेबही आले नाहीत. लेकीची ओटी तिच्या सासूनं भरली आणि आईची पाटावरची जागा रिकामी राहिली, हे चार दिवसांनी कळलं तेव्हा दुर्गाबाईनं बबनरावांना जे सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही.

बबनरावांनी ते खाली मान घालून ऐकून घेतलं आणि जाताना दार नीट उघडं आहे ना ते पाहिलं.

इंद्रायणी आली ती दिवस भरत आल्यावर. नवरा ज्योतीराम बैलगाडीतून सोडून गेला. शांत गडी, बोलायला कमी, पण गाडीत गवताची गादी इतकी जाड केली होती की दुर्गाबाईला बरं वाटलं. घर पाहून इंद्रायणी हरखली. चुन्याचा वास घेत ती भिंतींवरून हात फिरवत राहिली. सगळं आपल्याला दिलंय का, असं तिनं विचारलं, आणि दुर्गाबाईनं हो म्हणून टाकलं. मिळणारच आहे, तर चार महिने आधी हो म्हटलं म्हणून काय बिघडलं, असा तिचा हिशेब होता.

मुलगा झाला. सुईण म्हणून झुलेखा धावून आली. वसाहतीच्या दारंखिडक्या बसवणाऱ्या कादर मिस्त्रीची ती बायको, पलीकडच्याच खोपीत राहायची, आणि तिच्या हाताला यश होतं. बाळाची नाळ कापून झाल्यावर झुलेखानं पहिली गोष्ट विचारली ती ही, की शेगडी कुठंय. बाळंतिणीला शेक हवा, ओव्याची धुरी हवी. दुर्गाबाईनं एकदा पांढऱ्याशुभ्र भिंतीकडे पाहिलं, एकदा लेकीकडे पाहिलं, आणि शेगडी पेटवून आत आणली. मग उठून तिनं दार लावलं आणि आतून कडी घातली. कित्येक महिन्यांनी ती दिवसाउजेडी बंद दाराच्या आत बसली होती, आणि तिला हुंदका आवरेना.

खिडकीतून धूर येताना पाहून बबनराव धावत आले. त्यांनी दाराबाहेरून विनवण्या केल्या, चुन्याची आठवण दिली, साहेबांची भीती घातली. दुर्गाबाई आतून एवढंच म्हणाली, "साहेबाची आई काय उघड्यावर बाळंत झाली व्हती?"

पाचवीच्या दिवशी साहेब आले. इतके महिने ज्याची वाट पाहिली तो माणूस नेमका त्या दिवशी, भर दुपारी, जीपमधून उतरला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात त्यातलीच ही गत. आत पाटा-वरवंट्याची सटवाई मांडायची तयारी चाललेली, खोलीभर ओव्याचा धूर, कोपऱ्यात जुन्या लुगड्याच्या पडद्याआड इंद्रायणी. पाचवीला बाळंतिणीच्या खोलीत परक्याचं पाऊल पडू देत नाहीत. पण दार उघडलं नाही तर हप्ता गेला, आणि हप्त्याबरोबर घर गेलं. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशा पेचात दुर्गाबाईनं दार उघडलं आणि स्वतः उंबऱ्यात उभी राहिली.

साहेब मोठा सभ्य निघाला. उंच, करड्या केसांचा, उत्तरेकडचा माणूस. त्यानं चपला घातलेलं पाऊल उंबऱ्याच्या अलीकडेच ठेवलं, वाकून आत पाहिलं, काळवंडलेली भिंत पाहिली, बाळाचं रडणं ऐकलं आणि त्याचा चेहरा उजळला. तो बबनरावांशी हिंदीत बोलला. त्याचं म्हणणं असं, की बाकी सगळ्या ठिकाणी त्याला रंगवलेली, कुलूप काढून उघडलेली घरं दाखवली गेली. धूर निघणारं घर त्यानं पहिल्यांदा पाहिलं. बबनरावांनी धुराचं श्रेय हसून घेतलं.

मग साहेबानं एक प्रश्न विचारला आणि बबनरावांनी तो मराठीत केला. "ही मुलगी आणि बाळ इथंच राहणार ना, असं विचारतायत."

आता आपल्याकडे पाचवीच्या दिवशी, सटवाई बाळाचं कपाळ लिहायला यायची असताना, बाळाच्या जाण्याची भाषा कुणी तोंडातून काढत नाही. घरातून साधं बाहेर पडतानाही जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात. मावळातल्या कुठल्याही आजीनं जे उत्तर दिलं असतं तेच दुर्गाबाईनं दिलं. "हितंच ऱ्हानार की. जायाचंय कुठं त्यास्नी?"

साहेबाला रीत माहीत नव्हती. त्यानं ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

महिनाभरानं हप्ता आला. माळावर पुन्हा गाढवं फिरू लागली, भट्टीच्या विटा आल्या, गटाराची चर खणायला घेतली. बबनराव पेढे घेऊन आले आणि बसून बातमी सांगू लागले. बातमी चांगलीच होती, फक्त तिला शेपूट होतं. साहेबानं आपल्या अहवालात या घराविषयी पानभर लिहिलं होतं. आजीआजोबा, मुलगी आणि नवा जन्मलेला नातू, तीन पिढ्या एका छपराखाली सुखानं नांदताहेत, सरकारी पैशाचं सार्थक झालं, असं काहीबाही. वरच्यांना ते इतकं आवडलं की शेवटचा हप्ता देण्याआधी साहेब पुन्हा येणार होते आणि फोटोवालाही आणणार होते. हेच घर, हीच माणसं. जमिनीचा मोबदला त्या शेवटच्या हप्त्यात होता, आणि घर नावावर होणंही त्यानंतरच. ज्यात तीन पिढ्या राहतात असं दिल्लीला कळवलं, ते घर रंगरावच्या कुटुंबाला द्यायला मग कुणाची हरकत राहणार नव्हती. माणसं कमी दिसली तर मात्र आत्ताचा हप्ताही खोटं सांगून घेतला असं होईल, हे बबनराव हळूच म्हणाले.

दुर्गाबाईनं हातातला पेढा खाली ठेवला. पोरगी परक्याची आहे, तिसरा महिना सरायच्या आत तिची पाठवणी करायची आहे, हे तिनं स्पष्ट सांगितलं. बबनराव म्हणाले, तोवर साहेब येऊन जातील. त्यांनी नियमही बदलले. आता चूल घरातच पेटवायची होती, रोज, आणि धूर खिडकीतून दिसायला हवा होता. सकाळी धूर दिसला नाही की बबनराव चौकशीला येत.

साहेब आले नाहीत. एकदा मुंबईपर्यंत आले आणि तिथूनच परत गेले. एकदा तारीख ठरली आणि दिल्लीत कुणी मंत्री आजारी पडले. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण ज्यानं केली त्याला सहाच महिने थांबावं लागलं, एवढा तो नशीबवान. घरातून बाहेर पडायचं नाही हे आता दुर्गाबाईपुरतं राहिलं नव्हतं, ते इंद्रायणीलाही लागू झालं होतं. ती बाळाला घेऊन झुलेखाकडे गेली तरी रंगराव तिला बोलवायला जाई, तिच्यासमोर उभा राही, आणि ती मुकाट्यानं परत येई. झुलेखानं एकदा दुर्गाबाईला विचारलं, की आपा, पोरगी आपल्या घरी कधी जाणार? दुर्गाबाईनं विषय बदलला.

रोहिणीचा पाऊस तोंडावर आला तेव्हा ज्योतीराम गाडी जुंपून आला. पेरणीचे दिवस, घरी म्हातारी आई एकटी, आणि बाळाचा तिसरा महिना संपत आलेला. चौथ्या महिन्यात लेकीची पाठवणी करत नाहीत. आता नाही तर पाचवा लागेपर्यंत थांबावं लागणार होतं. गाडीत त्यानं पुन्हा तशीच जाड गादी केली होती. इंद्रायणीनं बोचकं आधीच बांधून ठेवलं होतं. बाळाला काजळ घालून, टोपरं बांधून ती तयार होती.

दुर्गाबाईनं जावयाला भाकरी वाढली. त्याच सकाळी बबनराव सांगून गेले होते की या खेपेला तारीख पक्की आहे, महिन्याच्या आत, आणि साहेबांना हीच माणसं दिसली नाहीत आणि शेवटचा हप्ता थांबला तर घर, मोबदला आणि त्यांची नोकरी तिन्ही गेलीच म्हणून समजा. सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. दुर्गाबाईला त्यांची कीव आली होती, आणि आपल्याला यांची कीव यावी याचा रागही आला होता. तिच्या डोळ्यांपुढे एकीकडे ती पत्र्याची खोपी होती, दाराला गोणपाट असलेली, तिचं उरलेलं सगळं म्हातारपण असलेली. दुसरीकडे लेक होती. इकडे आड, तिकडे विहीर. आणि तिसरीकडे कुठे जायला वाटच नव्हती.

"पाव्हणं," ती म्हणाली, "अजून म्हयनाभर तिला हितं ऱ्हाऊ द्या. साहेबाचा फोटू व्हऊ द्या."

ज्योतीरामनं हात धुतले. तो सावकाश बोलला. "मामी, माझं पोरगं अजून सरकारी नोकरीला लागल्यालं न्हाई."

दुर्गाबाईनं पदर पसरला. जावयापुढे सासूनं पदर पसरावा अशी वेळ तिच्यावर आली आणि तिला त्याची लाज वाटली, तरी तिनं तो पसरला. घर हातातून जाईल, म्हातारपणी आम्ही पत्र्याखाली मरू, ज्या भिंतींच्या आत तुमचं पोर जन्मलं त्या आमच्या होऊ द्या, असं ती बोलत गेली. रंगराव दाराबाहेर पाठ करून बसला होता. ज्योतीरामनं सासूकडे पाहिलं नाही, बायकोकडे पाहिलं. तुला यायचंय का, एवढंच त्यानं विचारलं.

इंद्रायणीनं आईकडे पाहिलं. मग तिनं बाळाच्या डोक्याचं टोपरं सोडलं आणि बोचकं कोपऱ्यात नेऊन ठेवलं.

ज्योतीराम रिकामी गाडी घेऊन तळवड्याच्या वाटेला लागला. गाडी दिसेनाशी होईपर्यंत दुर्गाबाई दारात उभी होती. आत वळल्यावर लेक रडेल, भांडेल, आपल्याला टाकून बोलेल, असं तिला वाटलं होतं. त्यासाठी तिनं मनाची तयारी केली होती. चार शब्द ऐकून घेतले असते म्हणजे तिलाही हलकं वाटलं असतं. पण इंद्रायणी पाटावर बसून बाळाला पाजत होती. चेहऱ्यावर काही नव्हतं.

बाळ निजलं. इंद्रायणीनं ते खाली ठेवलं आणि पदर सावरला.

"आई," ती म्हणाली, "मी उठू का?"

दुर्गाबाईला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, ऊठ की, विचारतेस काय. इंद्रायणी उठली, घागर उचलली आणि पुन्हा थांबली.

"पान्याला जाऊ का? का कुनी येनार हाय?"

सासरी सून विचारते. सासूला विचारून उठते, विचारून बसते, विचारून पाण्याला जाते. माहेरी लेक विचारत नाही. तेवढ्याचसाठी ती माहेरी येते. दुर्गाबाईनं बोलायला तोंड उघडलं, जा माझे बाये, म्हणायला. तेवढ्यात जोत्यांच्या रांगेपलीकडून बबनराव येताना दिसले, खिडकीतून धूर येतोय का ते पाहत. लेक घागर घेऊन दारात उभी होती आणि आईच्या तोंडाकडे पाहत होती.

"बस जरा," दुर्गाबाई म्हणाली.

इंद्रायणीनं घागर खाली ठेवली आणि ती पुन्हा पाटावर जाऊन बसली.